४२९४९६७२९७: कसोटी पास, तरी मूळ नाही

४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २^३२ + १ ही संख्या '२ पायाच्या फर्मा कसोटीत पास झाली, म्हणून मूळ (१ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी)' असं कुणी म्हणेल. इथे ती कसोटी कुचकामी आहे. संख्येला न म्हणू. २^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ आली, की ही कसोटी पास. २^३२ ला न ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे १ कमी पडतो), म्हणून २^६४ ची १. आणि न−१ ला ६४ ने भाग जातोच. पास होणं ठरलेलंच! ३ पाया घ्या, लगेच उघडी पडते.

गणितज्ञ फर्माला ती मूळ वाटली होती. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ × ६७००४१७ असे अवयव दिले. भागाकार न करता पडताळा:

६४१ = ५×२^७ + १, शिवाय ६४१ = ५^४ + २^४.
पहिल्यावरून ५×२^७ ची ६४१ ने भागल्यावर बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४×२^२८ ची १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची १. म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. झालं.

६४१ सापडला कसा? अवयव १२८क + १ (क ही पूर्ण संख्या) याच रूपाचे असतात (ही सुधारणा नंतर गणितज्ञ ल्युकाची, ऑयलरकडे ६४क + १ होतं). १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत, २५७ म्हणजे २^८ + १ ही स्वतःच आधीची फर्मा संख्या (२ चा घात घातांकात असलेली, २^(२^म) + १) आणि दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून बाद. पहिलाच खरा उमेदवार ६४१!

प्रोग्राम लिहिताना ३२ बिटांचा अनसाइन्ड इंटिजर (० ते २^३२ − १ एवढ्याच संख्या मावणारा प्रकार) वापरू नका, त्यात ही संख्या १ होऊन बसते.