शब्दचर्चा: दहा वर्षांच्या गुप्त खर्चाला 'अर्थसंकल्प' म्हणावं का?

अक्षरवेल:
अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणांच्या खर्चावरचा एक लेख मराठीत आणतेय, दोन ठिकाणी अडलंय. २०१० च्या कायद्याप्रमाणे त्यांना काँग्रेसपुढे, म्हणजे त्यांच्या संसदेपुढे, दोन कागद ठेवावे लागतात. एकात अर्थसंकल्पाचं वर्ष आणि पुढची किमान ४ वर्षं, दुसऱ्यात त्याही पुढची ५ वर्षं. दुसऱ्याला मी 'दीर्घमुदतीचा अर्थसंकल्प' लिहिलं, संपादकांनी ते काढलं. या यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या संसदीय समित्यांच्या 'ओव्हरसाइट'ला 'देखरेख' लिहिलं, त्याचं त्यांनी 'नियंत्रण' केलं. तुम्ही काय लिहाल?

जुनी वही:
अर्थसंकल्पाबाबत संपादक बरोबर आहेत. त्यात संकल्प आहे, सभागृहाने मंजूर करायचा. नवव्या वर्षाच्या आकड्याला आज कोण मंजुरी देतं? तो अंदाजच. आमचे वडील बजेटला कायम 'अंदाजपत्रक' म्हणायचे. चांगला शब्द मागे पडला, तो इथे वापरा.

शुद्धमती:
'अंदाज' फारसी आहे. कायद्याच्या मजकुरात 'प्रक्षेपण' किंवा 'पूर्वानुमान' शोभेल.

चौकस:
'पूर्वानुमान' वाचलं की हवामान आठवतं आणि 'प्रक्षेपण' म्हटलं की उपग्रह. या लेखात तर खरेच उपग्रह असणार, वाचकाची फसगत होईल.

शिवाय हे नुसते अंदाजही नसतात. टेहळणी उपग्रहाचा पहिल्या वर्षाचा खर्च किरकोळ दिसतो. मग कंत्राट, बांधणी, उड्डाण, जमिनीवरची केंद्रं. चौथ्या वर्षी 'नको' म्हणावं तर आधीचा पैसा पाण्यात. एकेका वर्षाचा आकडा पाहून सभागृहाला काही कळत नाही आणि कळतं तेव्हा हात बांधलेले असतात. 'लांब पल्ल्याचं अंदाजपत्रक' म्हणा. फारसी असो नाहीतर संस्कृत, वाचणाऱ्याला पल्ला दिसला पाहिजे.

शुद्धमती:
'असो नाहीतर' म्हणूनच भाषा पातळ होते. आज अंदाज, उद्या थेट 'प्रोजेक्शन' लिहाल.

मोडीवाचक:
दुसऱ्या शब्दाकडे वळतो. देखरेख वरचा अधिकारी हाताखालच्यांवर ठेवतो, तीही रोज. नियंत्रण म्हणजे कारभारच हातात घेणं. समित्या यातलं काहीच करत नाहीत. त्या कागद मागतात, बोलावून विचारतात आणि पटलं नाही तर पैसा अडवतात. जुन्या मराठी कागदांत हिशेबाची 'झडती' असते, म्हणजे जमाखर्च मांडून चुकता करून देणं. मला तो शब्द इथे नेमका वाटतो.

चौकस:
आज झडती म्हणजे पोलीस आणि खिसे. पण मुद्दा मान्य. इंग्रजीत 'ओव्हरसाइट'चा दुसरा अर्थ नजरचूक, आणि तिथे दोन्ही अर्थ खरे ठरले आहेत. १९९४ मध्ये टेहळणी उपग्रह सांभाळणाऱ्या त्यांच्या राष्ट्रीय टेहळणी कार्यालयाची व्हर्जिनियातली नवी इमारत गाजली. खर्च सुमारे ३० कोटी डॉलर, आणि सेनेटर म्हणाले की आम्हाला नीट सांगितलंच नाही. पुढे कळलं, त्याच कार्यालयाकडे न खर्चलेले १०० कोटी डॉलरहून जास्त साठले होते. सेनेटची समिती १९७६ पासून आणि प्रतिनिधीगृहाची १९७७ पासून असताना!

मोडीवाचक:
पेशवाईतला 'दरबारखर्च' आठवला. मामलेदारांच्या हिशेबात मुळात तो चोरून असायचा, कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना द्यायच्या लाचेसाठी. पेशवाईनंतर इथला कारभार पाहणाऱ्या इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने लिहून ठेवलंय की हळूहळू ती रक्कम रीतसर नोंदली जाऊ लागली, इतर खर्चाबरोबर तपासलीही जाऊ लागली, आणि मग लाचेसाठी निराळी वसुली सुरू झाली. खर्चाला शीर्षक मिळालं म्हणजे तो उघड झाला असं नाही.

जुनी वही:
त्याला 'अंतस्थ' पण म्हणत ना? मूळ अर्थ 'आतला'. तिथून लाच कशी झाली?

मोडीवाचक:
अंतस्थही लाचेचाच, पण दरबारखर्चाहून वेगळा आणि अधिक गुपचूप. अर्थ कसा सरकला यावर सविस्तर लिहीन.

शुद्धमती:
पण अमेरिकेचा गुप्त खर्च म्हणजे लाच नव्हे, तुलना चुकते. त्यांच्या राज्यघटनेत सार्वजनिक पैशाचा जमाखर्च वेळोवेळी प्रसिद्ध करण्याची अट आहे. तरी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की केवळ करदाता म्हणून सीआयएच्या खर्चाचा तपशील मागत दावा लावता येणार नाही. म्हणून तिथे सगळा भार समित्यांवर. अशा कामाला 'अंकुश' म्हणावं.

अक्षरवेल:
एकूण रकमेचं काय? २००७ साठी राष्ट्रीय गुप्तवार्ता कार्यक्रमाचे ४,३५० कोटी डॉलर जाहीर केले, वाटणी मात्र गुप्त. समित्यांना ती खर्चाला मंजुरी देणाऱ्या कायद्यासोबतच्या बंद कागदात मिळते. त्याला 'गोपनीय जोडपत्र' चालेल?

जुनी वही:
जोडपत्र छान. पण आधी 'गुप्तवार्ता' काढा. वार्ता म्हणजे बातमी. हेरांनी आणलेली बातमी आणि ती पारखून काढलेला निष्कर्ष यांना एकच शब्द कसा पुरेल?

चौकस:
सरकारी खात्याच्या पाटीवरच 'गुप्तवार्ता' आहे, तो आता रुळला.

जुनी वही:
पाटीवर आला म्हणून शब्द बरोबर ठरत नाही. 'हेरखातं' काय वाईट होतं?