हद्दवाढीत गाव गेलं तर नेमकं काय बदलतं?

शिवारकर: नमस्कार मंडळी. आमचं गाव शहराला चिकटूनच आहे आणि आता हद्दवाढीत घेणार अशी जोरात चर्चा चालू झालीय. ग्रामसभेत विरोधाचा ठराव झाला, पण पोरं म्हणू लागलीत मनपात गेलो तर ड्रेनेज येईल, नळाला पाणी येईल. वडील म्हणतात घरपट्टी वाढंल, अन् सरपंचाला घरी जाऊन बोलता येतं तसं तिथं कोणाला बोलणार? ठरावानं हद्दवाढ थांबते का?

पैठणगेटवाला: भाऊ, नुसत्या ठरावानं थांबत नाही. 1949 च्या महापालिका कायद्यात कलम 3 बघा, हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा आहे, मनपाशी विचारविनिमय करून. पण आधी प्रारूप अधिसूचना, म्हणजे कच्चा सरकारी जाहीरनामा, काढून हरकती मागवाव्या लागतात, तुमचं जे काय आहे ते तिथंच मांडा, घरटी लेखी हरकत द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

वडिलांचा मुद्दा मला जास्त पटतो. आमच्या संभाजीनगरात 8 डिसेंबर 1982 ला मनपा झाली, हर्सूल, चिकलठाणा, पडेगाव धरून 18 खेडी आत आली, आणि पहिली निवडणूक कधी? 1988 ला! म्हणजे ग्रामपंचायत गेली अन् नगरसेवकही नाही, सगळा कारभार प्रशासकाकडं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. 2020 ला मुदत संपली तेव्हा पण वर्षानुवर्षं प्रशासकच होता. सातारा-देवळाईला तर 2014 ला नगरपालिका मिळाली आणि 2015 ला लगेच मनपात विलीन, एका वर्षात दोन कारभार बदलले, लोकांनी जायचं कोणाकडं?

नांदेडची_लेक: आमच्याकडं 1997 ला नांदेड आणि वाघाळा या दोन नगरपालिका मिळून एक मनपा झाली, नावात वाघाळा अजून आहे.

टँकरवरचं_घर: आमचा भाग मनपात गेला त्याला बरीच वर्षं झाली, कुठलं शहर ते सांगत नाही. टॅक्स वेळेवर येतो, पाणी अजून टँकरनंच. तरी मी विरोध करा म्हणणार नाही, कारण प्लॉटिंग एवढं वाढलंय की ड्रेनेज टाकणं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं राहिलं नाही. फक्त पाणी कुठून आणि कधी, हे हरकतीत लेखी विचारा. शेतमजुरांची रोजगार हमी ग्रामीण भागासाठी असते तेही लिहा, आमच्यात ते कोणीच बोललं नव्हतं. आणि ग्रामपंचायतीचं दप्तर हलायच्या आधी नमुना 8 चा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा काढून ठेवा, नंतर घराच्या नोंदीसाठी आम्ही लई हेलपाटे मारलेत.

शिवारकर: खूप आभार सगळ्यांचे. उतारा उद्याच काढतो, आणि मजुरांचं आमच्या ठरावात आलेलंच नाही, ते हरकतीत सगळ्यात वर घेतो.