नवे कोरे पुस्तक, अनोळखी जग: वाचकांचे अनुभव

विज्ञानकथा, अद्भुतकथा किंवा भयकथा या प्रकारांतले एखादे पुस्तक प्रसिद्ध होऊन जेमतेम काही आठवडे झालेले असताना, म्हणजे त्याच्याविषयी कोणाचेच मत पक्के झालेले नसताना, आपण ते वाचले असेल तर तो अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. गाजलेल्या पुस्तकांविषयी लिहिणारे पुष्कळ मिळतात. ‘फ्रँकेनस्टाइन’ आज कोणी हातात घेतले, तर आत काय आहे याची कल्पना त्याला आधीपासूनच असते. परंतु १ जानेवारी १८१८ रोजी ते तीन खंडांत, अवघ्या ५०० प्रतींच्या आवृत्तीत आणि लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्यांनी ते उघडले त्यांना पुढचे काहीच ठाऊक नव्हते. त्या वाचकांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या जागी आपण कधी होतो का, आणि असलो तर काय झाले, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

सुरुवात मीच करतो. एक जाडजूड अद्भुत कादंबरी मी प्रसिद्ध झाल्याच्या आठवड्यातच घेतली. पहिल्या चाळीस पानांत लेखकाने स्वतः घडवलेले तेवीस शब्द आले. मी ते मोजले, कारण वाचण्यासारखे दुसरे काही हाती लागत नव्हते. संदर्भावरून अर्थ लावत मी नेटाने पुढे गेलो आणि पुस्तक मला आवडलेही. शब्दसूची शेवटच्या पानांत दिलेली होती, हे मात्र कादंबरी संपल्यावर कळले. सुमारे दोनशे पाने मी ज्याला पाळीव प्राणी समजत होतो, ते दरबारातल्या एका अधिकाऱ्याचे पदनाम निघाले. खरे सांगायचे तर, राणी त्याला दाराबाहेर बसायला सांगते तो प्रसंग माझ्या वाचनात फारच रंगला होता.

* * *

मी मालिका वाचणारा आहे, त्यामुळे माझा अनुभव वाचण्यापेक्षा थांबण्याचाच अधिक आहे. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग जुलै १९५४ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आणि तिसरा थेट ऑक्टोबर १९५५ मध्ये; दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो, आणि तेव्हाच्या वाचकांनी त्याला अकरा महिने तिथेच सोडून आपापली कामे केली. माझ्या वाट्याला आलेल्या त्रयीत हे अंतर सहा वर्षांचे होते.

दुसरा भाग संपल्यावर शहाणपणा करून मी एका वहीत पात्रांची नावे, नाती आणि कोण कोणाच्या जिवावर उठले आहे हे टिपून ठेवले होते. तिसरा भाग आला तो आधीच्या दोहोंपेक्षा बोटभर उंच होता आणि कपाटाच्या त्याच कप्प्यात उभा राहीना. वही उघडली, तर एका पानावर माझ्याच अक्षरात ‘निळ्या अंगठीवाला खोटे बोलतो आहे’ एवढेच लिहिलेले आढळले आणि त्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. हे मला कशावरून कळले होते, ते काही केल्या आठवेना. त्या टिपणामुळे मी तिसऱ्या भागात त्या बिचाऱ्याच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहिले, आणि शेवटी तोच एकटा खरे बोलणारा निघाला. आता मी मालिका पूर्ण झाल्याशिवाय हात लावत नाही, असे सर्वांना सांगतो. प्रत्यक्षात गेल्या महिन्यातच एका नव्या मालिकेचा पहिला भाग वाचून संपवला आहे.

* * *

भयकथेच्या नव्या पुस्तकाचे मलपृष्ठ वाचू नये, हे मी एका पुस्तकाने पोळल्यावर शिकले. त्या मलपृष्ठावर तिसऱ्या प्रकरणातला मृत्यू दोन ओळींत सांगून टाकलेला होता, आणि लेखकाने पन्नास पाने जपून उभी केलेली धास्ती त्या दोन ओळींनी वाया घालवली.

म्हणून पुढचे पुस्तक मी कोऱ्या कागदात गुंडाळूनच वाचले. ती एक छोटी कादंबरी होती. घरातल्या मुलाची उंची दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवलेली असते: आडवी रेघ आणि शेजारी आईच्या अक्षरात तारीख. एके सकाळी आईला चौकटीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, छतापासून वीतभर खाली, आणखी एक रेघ दिसते. तारीख तिच्याच अक्षरात असते, आणि ती पुढच्या आठवड्यातली असते. लेखिका यावर एक शब्दही खर्च करत नाही. आई फडके ओले करून रेघ पुसते आणि मुलाला शाळेसाठी हाक मारते. मुलगा वरच्या मजल्यावरून ‘ओ’ देतो, आणि त्या घराला वरचा मजला आहे की नाही हे पाहण्यासाठी मी मागची सगळी पाने चाळली. तसा उल्लेख कोठेही नव्हता.

हे मला आधी कोणी सांगितले असते, तर मी मान डोलावून ‘छान कल्पना आहे’ एवढेच म्हटले असते. ठाऊक नसल्यामुळे मी ते पुस्तक मिटले, उठले आणि घरातले सगळे दिवे लावले. (आणि आता मी स्वतःच ते सर्वांना सांगून बसले आहे, याबद्दल क्षमस्व. शेवट सांगितलेला नाही, एवढाच दिलासा.)

* * *

मी अनुवाद करते, आणि नव्या पुस्तकाचा अनुवाद हाती घेणे म्हणजे आधीच्या कोणाचाही दाखला नसताना निर्णय घेत राहणे असते. या साहित्यात घडवलेले शब्द कोठवर जातील हे सांगता येत नाही. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आला, तो त्यांच्या भावाने सुचवला होता, आणि त्याचे मूळ वेठबिगारीचा अर्थ असलेल्या चेक शब्दात आहे. त्या नाटकाच्या पहिल्या अनुवादकांसमोर हा शब्द आला, तेव्हा तो ठेवावा की आपल्या भाषेतला एखादा ‘वेठ्या’ शोधावा, असा प्रश्न त्यांनाही पडला असेल.

माझ्यासमोरचा पेच मात्र शब्दांचा नव्हता, क्रियापदांचा होता. एका नव्या विज्ञान कादंबरीचा निवेदक ‘मी’ म्हणून बोलतो आणि तो पुरुष आहे, स्त्री आहे की यंत्र आहे, हे लेखकाने शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून ठेवलेले आहे. इंग्रजीत यासाठी फारसे काही करावे लागत नाही. मराठीत ‘मी गेलो’ म्हटले की तो पुरुष झाला आणि ‘मी गेले’ म्हटले की ती स्त्री झाली. वर्तमानकाळातही ‘जातो’ आणि ‘जाते’ यांतून सुटका नाही. पहिले प्रकरण मी तीनदा फाडले. मग हळूहळू वाटा दिसू लागल्या. ‘मी दार उघडले’ यात क्रियापद दाराच्या मागे जाते, बोलणाऱ्याच्या नाही. ‘मला भीती वाटली’ यात भीती स्त्रीलिंगी असते, ज्याला वाटली तो कोणीही असो. भविष्यकाळातले ‘मी जाईन’ निर्धोक आहे, आणि ‘मी रोज तेथे जात असे’ किंवा ‘मी तेथे बसे’ ही आता मागे पडलेली रूपे तर वरदानच ठरली. परिणाम असा झाला की माझा निवेदक कोठे ‘गेला’च नाही, त्याने अंतर कापले, जिना ओलांडला, वाट धरली. संपादकांनी पहिल्या वाचनानंतर सांगितले की निवेदकाची भाषा किंचित जुनी आणि अवघडलेली वाटते, जणू तो काहीतरी लपवतो आहे. मी म्हटले, लपवतोच आहे.

एक चूक मात्र राहिली. एकशे नव्वदाव्या पानावर ‘मी दमलो होतो’ असे छापले गेले, आणि ते सर्वप्रथम माझ्या आईने पकडले.

* * *

पहिल्या आवृत्तीतल्या चुकांचा विषय निघालाच आहे, म्हणून लिहितो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि नवी विज्ञानकथा वाचताना माझ्या हाताशी पेन्सिल असते. यात मी एकटा नाही. लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ १९७० मध्ये आली तेव्हा पहिल्या आवृत्तीत पृथ्वी उलटी फिरत होती: आपला वाढदिवस लांबावा म्हणून नायक मध्यरात्रीच्या पुढे पळत राहतो, पण पळतो पूर्वेकडे, जेव्हा त्याने पश्चिमेकडे पळायला हवे होते. ती चूक पुढे दुरुस्त झाली. एका ताऱ्याभोवती बांधलेले त्या कादंबरीतले प्रचंड कडे स्थिर राहणार नाही, जरासे सरकले तरी सरकतच जाईल, हेही वाचकांनीच दाखवून दिले, आणि लेखकाने पुढच्या कादंबरीत कड्याला सावरणारी इंजिने बसवली.

माझा अनुभव यापुढे किरकोळ आहे. एका नव्या कादंबरीतले यान पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने निघते आणि बारा दिवसांत प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचते. मी हिशेब केला, तर बारा दिवसांत ते प्रकाशवेगाच्या जेमतेम साडेतीन टक्क्यांपर्यंत जाते. मी प्रकाशकांना पत्र पाठवले, उत्तर आले नाही. दुसरी आवृत्ती मात्र सहज चाळली, तर ‘बारा दिवस’ काढून ‘बारा महिने’ केलेले होते, आणि हे बरेच बरे होते, कारण यानातल्या घड्याळाने एक वर्ष झाल्यावर वेग प्रकाशवेगाच्या पाऊण हिश्शाच्या थोडा वर जातो. अडचण एवढीच की पुढच्या प्रकरणात कप्तान निघताना मिळालेल्या फुलांचा वास घेतो, आणि ती अजूनही ‘किंचित कोमेजलेली’ आहेत.

* * *

येथे सगळे वाचणारेच आहेत, म्हणून लिहिणाऱ्याची बाजू मांडते. माझ्या भयकथांचा पहिला संग्रह गेल्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याआधी एका संपादकांनी एक कथा स्वीकारताना विचारले की ती यंत्राकडून लिहून घेतलेली नाही, हे कशावरून समजावे. मी आधी चिडले. नंतर आठवले की क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे नव्या कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले होते, आणि संपादकांची धास्ती समजली. मी कच्च्या वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवली. त्यांवरची खाडाखोड पाहून त्यांचे समाधान झाले.

१९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, कारण लेखकाचे नाव पाहून निकाल लागू नये अशी त्यांची इच्छा होती. नावामागे कोणी माणूसच नसेल, ही शंका तेव्हा परीक्षकांच्या मनातही आली नसेल.

* * *

मी नवी पुस्तके अर्ध्यात सोडतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. भाकितांनी सुरू होणारी अद्भुत कादंबरी मी भाकीत संपण्याआधीच ठेवून देतो.

* * *

चौकटीवरच्या रेघेची ती कादंबरी कोणती, हे मी ओळखले आहे. माझी प्रत मी प्रसिद्धीनंतर पंधरा दिवसांतच एका मैत्रिणीला वाचायला दिली होती आणि मीही तिला काही सांगितले नव्हते. तिने ती चार दिवसांत परत आणून दिली, आणि वाचनखूण बरोबर त्या प्रसंगाच्या पानावर होती. पुढे का वाचले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली की त्यांच्याही घरात तशी चौकट आहे, आठ वर्षांच्या रेघांची, आणि आदल्याच दिवशी तिने तिला रंग देऊन घेतला. हे ती हसत हसत सांगत होती. शेवट काय होतो, हे तिने अद्याप विचारलेले नाही.