मदत हवी आहे : कॉम्प्युटर चालू होतानाच बंद पडतोय, फाइल्स वाचवायच्या आहेत

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. बटण दाबलं की लोगो येतो, खालचे ठिपके गोल फिरतात आणि थेट निळा स्क्रीन : 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग आपोआप रीस्टार्ट, पुन्हा तेच. सेफ मोडही (विंडोज अगदी गरजेपुरतं चालू करायची सोय) उघडत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) हार्ड डिस्कचं नाव मात्र दिसतं आणि डिस्कचा कटकट आवाज येत नाही, म्हणून आशा आहे.

वडिलांच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी त्यात आहेत. कोणतं औषध, किती, कधी मारलं, सगळं. निर्यातीच्या मालाला त्या दाखवाव्या लागतात. शिवाय आजीचे फोटो, जे दुसरीकडे कुठेच नाहीत. मशीन गेलं तरी चालेल, हे जाता कामा नये.

नाशिकच्या सिडकोतला एक दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो." म्हणजे सगळं पुसलंच जाणार, म्हणून मी मशीन उचलून घरी आणलं.

माझा विचार असा : उबंटूचा (विंडोजसारखीच दुसरी, मोफत सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवायचा, इन्स्टॉल न करता त्यावरून चालू करायचं आणि आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. स्टार्टअप रिपेअर, चेकडिस्क वगैरे विंडोजची दुरुस्तीची टूल्स त्यानंतरच. डिस्कच खराब होत असेल तर आधी चेकडिस्क चालवणं मला धोक्याचं वाटतं. हा क्रम बरोबर आहे का? बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू निघालं तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल ना?

नाशिकमध्ये आपल्यासमोर डेटा काढून देणारं कोणी खात्रीचं असेल तर तेही कळवा.