मुठीत फोटो दिसणारा जुना खिशातला चाकू – ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत सेंट लुईसला राहतो. शेजारच्या आजी लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या, त्यांचं घर आवरायला मी दोन दिवस खोकी उचलत होतो, तर निघताना त्यांनी एक छोटा घडीचा चाकू हातात ठेवला, म्हणाल्या माझ्या आजोबांचा आहे, ते ब्रूअरीची (बिअरच्या कारखान्याची) घोडागाडी हाकायचे, तुला जुन्या वस्तूंची आवड आहे तर तूच ठेव. रात्री दिव्याखाली नीट बघितला आणि थक्कच झालो.

बंद असताना साधारण ८ सेंमी. मूठ धातूची, त्यावर उठावाचं काम, एका बाजूला इंग्रजी 'ए' आणि त्याच्यात पंख पसरलेला गरुड, म्हणजे बडवायझरवाल्या अ‍ॅनहायझर-बुश कंपनीचा लोगो. एक मोठं पातं, एक लहान, पाठीला बूच काढायचा स्क्रू. मुठीच्या टोकाला मोहरीएवढं भोक आहे, मला वाटलं रिव्हेट पडलाय, सहज डोळ्याला लावून उजेडाकडे धरलं तर आत चक्क एक माणूस! दाढी-मिशा, कोट, सगळं दिसतंय. लहानपणी जत्रेत तो प्लॅस्टिकचा कॅमेरा मिळायचा ना, बटण दाबलं की देवांचे फोटो दिसायचे, अगदी तसं, फक्त साबुदाण्याहून लहान जागेत.

शोधाशोध केल्यावर एवढं कळलं की कंपनीचे मालक अडॉल्फस बुश (१८३९–१९१३) व्हिजिटिंग कार्डासारखे असे चाकू लोकांना द्यायचे आणि आतला फोटो त्यांचाच असायचा. त्या भिंगाला स्टॅनहोप म्हणतात, फ्रान्सच्या दाग्रों नावाच्या फोटोग्राफरने १८५९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. काचेच्या बारीक कांडीचं एक टोक फुगीर घासायचं आणि दुसऱ्या सपाट टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा फोटो चिकटवायचा. याच माणसाने पुढे १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात असेच सूक्ष्म फोटो करून कबुतरांबरोबर निरोप पाठवले, हे वाचून तर मी चाकू परत डोळ्याला लावला.

आता अडलंय कुठे, तर पात्याच्या बुडाशी छाप आहे पण झिजलाय, मधले 'एस' 'टी' आणि शेवटचा 'आर' दिसतो, खाली जर्मनी. कोणाचा असेल, किती साली? आणि फोटो धुरकट झालाय, एका दुकानात सांगितलं अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (पाण्यात कंपनांनी साफ करणाऱ्या) घालू, दोन मिनिटांत चकाचक, पण माझं मन धजावेना म्हणून परत आणला. विकायचा अजिबात नाहीये, नीट जपायचाय आणि आजींना फोन करून त्याची हकिकत सांगायचीय.

प्रतिसाद :
परत आणलात हे फार बरं केलंत! तो फोटो कॅनडा बाल्समने, म्हणजे झाडाच्या चिकाने चिकटवलेला असतो, उष्णता किंवा स्पिरिट लागलं तर सुटतो आणि मग संपलं. पाणीसुद्धा नको. कोरडा कापूस काडीला गुंडाळून फक्त भिंगाचं बाहेरचं टोक हलक्या हाताने पुसा, बिजागरीला तेल द्याल तेही भोकापासून लांब. सालाचं म्हणाल तर अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव घालणं १८९१ पासून सक्तीचं झालं, म्हणजे त्याआधीचा बहुतेक नाही, आणि बुश १९१३ मध्ये गेले, पुढच्या वर्षी महायुद्ध, १९२० ला दारूबंदी, तेव्हा त्या वीसेक वर्षांतलाच धरा. असे चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन या चाकू-सुऱ्यांच्या गावाहून आणणारे न्यूयॉर्कचे दोन व्यापारी, कास्टर आणि वेस्टर. तुमच्या 'टी' आणि 'आर' च्या मधे काय आहे ते बघा, 'ओ' असेल तर कास्टर, 'ई' असेल तर वेस्टर. टॉर्च आडवा धरा, घासू मात्र नका.

धागाकर्ता :
टॉर्च आडवा धरून पात्यावरचा छाप हातातल्या भिंगातून बघितला, डावीकडची गोलाई स्पष्ट दिसतेय आणि उजवीकडेही मिटलेली आहे, 'ओ' च आहे! कास्टर! आणि पुसल्यावर बुशसाहेबांचे डोळे दिसायला लागलेत. मनापासून आभार, आजींना आत्ताच फोन लावतो.