मदत हवी आहे: टायगर मॉथ विमानात बसावं का?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात इंग्लंडला भाचीकडं चाललोय. तिनं टायगर मॉथमधनं फेरी ठरवलीय. १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान. पंख लाकडाचे, वर कापड ताणलेलं, डोक्यावर छत नाही. पुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं आणि मूळ बनावटीत चाकांना ब्रेकच नाहीत! कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून विमानं बघणारा माणूस मी, मन कधीच वर गेलंय. घरची मात्र म्हणत्यात, "ह्या वयात नसता नाद नको."

इंजिन एकच. बंद पडलं तर वेग कमी असल्यानं मोकळ्या रानात उतरवता येतं, हे पटतं. पण जुन्या लाकडाच्या सांध्यांचं काय?

कुणी बसलंय का? पायलटला आधी नेमकं काय विचारू? प्रवास विम्यात असली फेरी धरतात का?