शब्दचर्चा : मंदी, मंदावणे, आकसणे

'मंदी' हा शब्द बातमीत नेमका कशासाठी वापरावा? विकासदर आठावरून पाचावर आला तरी 'मंदी', अर्थव्यवस्था खरोखर लहान झाली तरी 'मंदी', आणि दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसलं तरी 'मंदी'. एखाद्या सरकारच्या आर्थिक कारभाराचा हिशेब मांडायला बसलं की दोन्ही बाजू हाच शब्द घेऊन भांडतात आणि दोघांच्या मनात अर्थ मात्र वेगळा असतो. घट, घसरण, मंदावणे, आकसणे यांत फरक करावा का? केला तर वाचकाला तो कळेल का? जाणकारांनी सांगावं.

*

फरक करायलाच हवा. आणि तो आपल्या भाषेत आधीपासून आहे, फक्त मथळे लिहिताना आपण तो वापरत नाही.

'मंदी' हा मुळात बाजारातला शब्द. तेजी-मंदी ही जोडी व्यापाऱ्यांची. भाव पडले, मालाला उठाव नाही, की मंदी. अर्थशास्त्रात मात्र सलग दोन तिमाहींत देशाचं एकूण उत्पादन घटलं तर मंदी म्हणायचा ढोबळ प्रघात आहे (आपल्याकडे ही तुलना सहसा आधीच्या वर्षाच्या त्याच तिमाहीशी करतात). हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१९.

त्या वर्षी जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत विकासदर ४.५ टक्क्यांवर आला. हा आकडा २९ नोव्हेंबरला जाहीर झाला. त्याच्या दोनच दिवस आधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन राज्यसभेत म्हणाल्या होत्या की वाढीचा वेग कमी झाला असेल, पण ही मंदी नाही. शास्त्राच्या व्याख्येने ते बरोबरच होतं, कारण अर्थव्यवस्था वाढत होती, वेग तेवढा उतरला होता. मराठी वाहिन्यांवर मात्र तेव्हा महिनोन्‌महिने 'मंदी'च चालू होती. मग एका बाजूने 'सरकार मंदी नाकारतंय' आणि दुसऱ्या बाजूने 'माध्यमं खोटी मंदी दाखवतात' अशी जुंपली. मूळ आकडा काय सांगतो याकडे कोणी पाहिलंच नाही. 'विकासदर मंदावला' एवढं लिहिलं असतं तर निम्मा वाद झालाच नसता.

खरी मंदी, म्हणजे शास्त्रातली, पुढच्या वर्षी आली. २०२०च्या एप्रिल ते जून तिमाहीत उणे २३.९ टक्के, त्यापुढच्या तिमाहीत उणे ७.५ टक्के. तेव्हा आपल्याकडे शब्दच उरला नव्हता, कारण 'मंदी' आदल्या वर्षीच खर्ची पडला होता. 'महामंदी'पर्यंत मजल गेली ती त्यामुळे.

म्हणून माझं मत असं : वेग कमी झाला तर 'मंदावणे', आकारमानच लहान झालं तर 'आकसणे', आणि 'मंदी' हा शब्द सलग आकसण्यासाठी राखून ठेवावा. 'उणे वाढ' तर मुळीच नको. वाढ उणे कशी असेल?

*

असहमत. चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी २०१९ काढलं त्यांना विचारा. जुलै महिन्यात देशात प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी घटली होती. गाडी खपेना, म्हणून कारखान्यांनी उत्पादन बंदचे दिवस जाहीर केले. सुट्या भागांच्या छोट्या वर्कशॉपमध्ये दोन पाळ्यांची एक झाली, ओव्हरटाइम बंद झाला, कंत्राटी पोरांना 'पुढच्या महिन्यात बघू' सांगून घरी पाठवलं. या माणसांनी त्याला मंदी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? 'मंदावणे' या शब्दात त्यांचं काहीच दिसत नाही. शब्द लोकांचा आहे, तो अर्थशास्त्राच्या व्याख्येला आंदण देऊन टाकू नये.

*

तुमचा मुद्दा मान्य, आणि तो महत्त्वाचा आहे. वाहन उद्योगात तेव्हा मंदी होती, यात शंका नाही. पण तसंच लिहावं ना : 'वाहन उद्योगात मंदी'. मंदी कशात, हे सांगितलं की शब्द बाजारातल्या जुन्या अर्थाने चालतो आणि कोणाला तो खोडताही येत नाही. नुसतं 'देशात मंदी' म्हटलं की मंत्र्याला एका वाक्यात उत्तर देता येतं आणि चाकणचा कामगार त्या उत्तराखाली गाडला जातो. मोघम शब्दाने नुकसान होतं ते त्याचंच.

उलट बाजूचं उदाहरणही देतो. ३१ ऑगस्ट २०२१ला बातमी आली, एप्रिल ते जून तिमाहीचा विकासदर २०.१ टक्के. मथळ्यांत 'विक्रमी', 'झेप', 'उसळी'. अर्थव्यवस्थेचं आकारमान पाहा : २०२०च्या त्या तिमाहीत २६.९५ लाख कोटी रुपये, २०२१मध्ये ३२.३८ लाख कोटी. पण करोनाआधी, २०१९च्या त्याच तिमाहीत, ते ३५ लाख कोटींच्या वर होतं. म्हणजे वीस टक्के वाढूनही आपण दोन वर्षांमागच्या जागी पोचलो नव्हतो. इथे शब्द हवा होता 'भरपाई', तीही अपुरी. ज्यांनी २०१९ला 'मंदी' शब्दावर आक्षेप घेतला त्यांनी या 'झेप'वरही घ्यायला हवा होता. आणि ज्यांना 'झेप' खटकली त्यांना २०१९ची 'मंदी'ही खटकायला हवी होती. दोन्ही वेळा एकच पट्टी लावणारे फार थोडे भेटले.

*

शब्द काटेकोर केले म्हणून माध्यमं निःपक्ष होतील, हे पटत नाही. २०१२-१३चं 'धोरणलकवा' आठवा. अग्रलेखांतून, चर्चांतून तो शब्द एका सरकारच्या कपाळी असा चिकटला की अजून निघालेला नाही.

*

धोरणलकवा हा शब्द म्हणून झकास आहे, ऐकताच अर्थ कळतो. पण तो आकड्याचं वर्णन करत नाही, कारण सांगतो, आणि तेही निदान ठोकल्यासारखं. अशा शब्दांची अडचण अशी की आकडा बदलला तरी ते बदलत नाहीत. २०१३-१४चा विकासदर आधी ४.७ टक्के सांगितला होता. जानेवारी २०१५मध्ये २०११-१२ हे पायाभूत वर्ष (ज्याच्या किमती तुलनेसाठी आधार मानतात ते) धरून आकड्यांची नवी मालिका आली, त्यात तोच आकडा ६.९ झाला. तोवर सरकार बदललेलं होतं. पुढे २०१८च्या नोव्हेंबरात मागच्या वर्षांची नवी मालिका आली आणि २०१०-११चा दर १०.३वरून ८.५वर उतरला. त्या वेळी पद्धतीवर बरीच टीका झाली, आणि आकडे जाहीर करताना सांख्यिकी कार्यालयासोबत निती आयोग, म्हणजे सरकारला धोरणाचा सल्ला देणारी संस्था, कशाला, असाही प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न रास्तच होता.

करोनाच्या वर्षाचंही तेच. २०२०-२१ संपल्यावर त्या वर्षासाठी आधी उणे ७.३, मग उणे ६.६, मग उणे ५.८. वर्ष एक, आकडे तीन, आणि तिन्ही अधिकृत. यात लबाडी नाही, माहिती जशी हाती येते तसा अंदाज सुधारतो. पण पहिला अंदाज पहिल्या पानावर आणि सुधारित अंदाज आतल्या पानावर चार ओळींत, ही सवय मात्र वाईट आहे. 'अंदाज' हा शब्द मथळ्यात यायलाच हवा. तो गाळला की तात्पुरता आकडा लोकांच्या डोक्यात कायमचा बसतो आणि पुढची दहा वर्षं प्रचारसभेत फिरत राहतो.

*

थोडं विषयांतर, पण 'किरकोळ महागाई' या शब्दाचंही काहीतरी करा. एप्रिल २०२२मध्ये महागाईचा दर ७.७९ टक्के होता आणि बातमीत 'किरकोळ महागाई'! घाऊकच्या विरुद्ध किरकोळ हे कळतं, पण 'किरकोळ जखमी' वाचणाऱ्या माणसाला ते क्षुल्लक वाटणारच.

*

विषयांतर नाही, याच पंगतीतलं आहे. 'किरकोळ बाजारातील महागाई' लिहावं, एक शब्द जास्त लागला तरी चालेल. आणि 'महागाई घटली' हे त्याहून घातक. शंभरची डाळ एकशेसात झाली, पुढच्या वर्षी एकशेनऊ, तर दर सातावरून दोनाच्या आत आला. डाळ मात्र स्वस्त झाली नाही, महागच झाली, फक्त सावकाश. घरात सामान भरणारी बाई 'महागाई घटली' वाचून संतापते, आणि तिचं चुकत नाही. 'महागाईचा वेग मंदावला' म्हणा. ऑक्टोबर २०२५मध्ये हा दर ०.२५ टक्क्यांवर आला होता, तेव्हा खाद्यपदार्थांचे भाव आदल्या वर्षीपेक्षा सरासरीने खरोखर उतरले होते. तिथे 'खाद्यपदार्थ स्वस्त' हे शब्द योग्य होते. सरकारला श्रेय जातं म्हणून ते लिहायचं टाळू नये.

*

टक्क्यांबद्दलही एक शंका आहे. सप्टेंबर २०२५मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला. 'एसी दहा टक्क्यांनी स्वस्त' हे बरोबर का?

*

नाही. मूळ किंमत ३०,००० धरा. २८ टक्के कर लावून ३८,४००, १८ टक्क्यांनी ३५,४००. वाचले तीन हजार, म्हणजे जुन्या किमतीच्या ७.८ टक्के. दहा टक्के स्वस्त वाचून आलेलं गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं, आणि बिचाऱ्याने काहीच गिळलेलं नसतं. 'करात दहा टक्क्यांची कपात' हेही संदिग्धच, कारण २८ चे दहा टक्के म्हणजे २.८. 'कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर' असे दोन्ही आकडे द्यावेत, त्यात गोंधळाला जागाच राहत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्या) बातमीत आपण 'पाव टक्का कपात, दर ६.२५ टक्के' असं लिहिलंच की.